मी आहे, पण कुठे?

अकोल्याहून वाशिमकडे निघाले, पातूरचा घाट ओलांडला आणि डोंगर जरा मागे सरले की मेडशी लागते. आता हा रस्ता चौपदरी झाला आहे. गाड्या गावाकडे न बघताच निघून जातात. माझे बालपण या गावात गेले आणि नोकरीची सारी वर्षे याच परिसरातल्या एका महाविद्यालयात तर्कशास्त्र आणि तत्त्वज्ञान शिकवण्यात गेली. आमच्याकडे तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक म्हटले की लोक एकतर मुलीच्या लग्नाचा मुहूर्त विचारतात किंवा सप्ताहात कीर्तन कराल का म्हणतात. मला दोन्ही जमत नसल्याने गावात माझे फारसे वजन कधीच नव्हते.

१९९६ सालची गोष्ट. वाशिम जिल्हा व्हायला अजून दोन वर्षे होती. आम्ही अकोला जिल्ह्यातच मोडत होतो. बी.ए.च्या वर्गात फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्त शिकवत होतो. माणूस जगातल्या प्रत्येक गोष्टीवर संशय घेऊ शकतो, अगदी स्वतःच्या शरीरावरही. पण संशय घेणारा ‘मी’ आहे, यावर काही संशय घेता येत नाही, हे त्याचे म्हणणे. फळ्यावर मोठ्या अक्षरात ‘मी आहे’ एवढेच लिहिले आणि मुलांकडे वळलो. मागच्या बाकावरून एक मुलगा उभा राहिला.

“मी आहो हे समजलं सर. पण कुठी आहो?”

वर्ग हसला. मीही हसलो आणि वर म्हणालो, “पुढचा तास भूगोलाचा आहे, तेव्हा विचार.” मुलगा मेडशीजवळच्या एका तांड्यावरचा होता. तो खाली बसला आणि वर्षभर पुन्हा काही विचारले नाही. पुढच्या वर्षी तो आलाच नाही. पुण्याला बांधकामावर गेल्याचे कळले. माझ्या एका विनोदापायी त्याचे शिक्षण सुटले असे म्हणणे म्हणजे स्वतःला फार मोठे समजणे झाले. घरची ओढाताण होती. पण त्याचा प्रश्न मी मोडीत काढला, एवढे खरे.

दहा-बारा वर्षांनी आफ्रिकेतील तत्त्वज्ञानावरचे एक पुस्तक हाती पडले. त्यात रवांडाचे अभ्यासक अलेक्सी कगामे यांचे एक निरीक्षण होते. बांटू भाषांमध्ये ‘असणे’ हे क्रियापद एकटे उभे राहत नाही. ‘मी आहे’ म्हटले की ‘काय आहेस?’ किंवा ‘कुठे आहेस?’ हे पुढे यावेच लागते. घानाचे क्वासी विरेडू आपल्या अकान भाषेविषयी तेच सांगत होते. अकानमध्ये असणे म्हणजे कुठेतरी असणे. मग शरीर वजा केलेला, जागा नसलेला देकार्तचा ‘मी’ त्या भाषेत बोलायचा कसा? देकार्त चुकला असे विरेडू लगेच म्हणत नाहीत. ते एवढेच म्हणतात की हा प्रश्न साऱ्या मानवजातीचा आहे की काही युरोपीय भाषांच्या व्याकरणातून उगवलेला, हे आधी तपासा.

पुस्तक मिटून बराच वेळ बसलो. जो प्रश्न विचारून जगात विरेडूंचे नाव झाले, तो माझ्या वर्गात मेडशीच्या पोराने आपल्या डोक्याने विचारला होता, आणि त्याला आम्ही हसे दिले होते.

आफ्रिकेचे आपल्याला काय?

रविवारी सकाळी चहा घेताना आफ्रिकेच्या तत्त्वज्ञानाशी आपले काय देणेघेणे, असे वाचक विचारतील. त्याला उत्तर आहे आणि ते आपल्या घरातल्या मुलांच्या अभ्यासक्रमात आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार महाविद्यालयांत ‘भारतीय ज्ञान प्रणाली’ आली. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांनी एकूण श्रेयांकांपैकी किमान पाच टक्के या विषयाचे असावेत, असे सुचवले. महाराष्ट्रातल्या संलग्न महाविद्यालयांमध्ये हे धोरण २०२४-२५ पासून लागू झाले. म्हणजे तुमच्या-आमच्या घरातली मुलगी वाणिज्य शिकत असो वा विज्ञान, आपल्या लोकांचे ज्ञान काय होते, हे तिला आता परीक्षेसाठी वाचावे लागते.

हेतू चांगला आहे. पण ‘आपल्या लोकांचे ज्ञान’ म्हणजे नेमके कोणाचे? ते शिकवायचे कसे? त्याची आरती करायची की तपासणी? हे प्रश्न आपल्याला आत्ता पडत आहेत. आफ्रिकेतल्या विद्यापीठांना ते स्वातंत्र्याबरोबरच पडले आणि पन्नासएक वर्षे तिथे त्यावर कडाक्याचे वाद झाले. शेजाऱ्याच्या घरातले भांडण आपण एरवी कान देऊन ऐकतो. हे तर फुकटात शहाणे करणारे भांडण आहे.

शिवाय आपण दोघे एकाच दाराबाहेर उभे होतो. जर्मन तत्त्वज्ञ हेगेलने जगाच्या इतिहासावरील व्याख्यानांत आफ्रिकेला इतिहासच नाही असे सांगून टाकले. भारताची वासलात त्याने इतक्या झटक्यात लावली नाही, पण खरे तत्त्वज्ञान ग्रीसपासून, हे त्याचे मत पक्के होते. म्हणजे आफ्रिकेला त्याने दारातूनच परत पाठवले आणि आपल्याला ओसरीवर बसवले. आपण ओसरीवर बसलो याचाच आनंद मानत राहिलो आणि दाराबाहेरच्याकडे बघायचे राहून गेले. मुंबई विद्यापीठात आफ्रिका अभ्यास केंद्र १९७१ पासून आहे. पण आफ्रिकेचा अभ्यास आपल्याकडे बहुधा राजकारण आणि व्यापाराच्या वाटेने जातो. तिथला माणूस विचारही करतो, हे आपल्या ध्यानीमनी नसते. दिल्लीच्या शिखर परिषदेत सप्टेंबर २०२३ मध्ये आफ्रिकी संघ जी-२० चा सदस्य झाला, तेव्हा आपण टाळ्या वाजवल्या. टाळ्यांनंतर ओळख वाढायला हवी होती.

एका मिशनऱ्याचे पुस्तक आणि त्यावरचा वाद

वादाची सुरुवात १९४५ मध्ये झाली. बेल्जियन काँगोत काम करणारे प्लासिड टेम्पल्स हे फ्रान्सिस्कन मिशनरी. त्यांनी ‘बांटू तत्त्वज्ञान’ या नावाचे पुस्तक लिहिले. या लोकांच्या चालीरीतींच्या मुळाशी एक सुसंगत विचार आहे, ते जगाकडे ‘जीवनशक्ती’च्या रूपात पाहतात, असे त्यांनी मांडले. आफ्रिकी माणसाला विचारच नसतो असे मानण्याच्या काळात हे बोलणे धाडसाचे होते. अनेक आफ्रिकी तरुणांना त्या पुस्तकाने उभारी दिली.

पण लवकरच त्यातली मेख लोकांच्या लक्षात आली. पुस्तक वसाहतीतल्या गोऱ्या मंडळींसाठी लिहिलेले होते: या लोकांना नीट वळण लावायचे तर त्यांचा विचार समजून घ्या, असा त्याचा सूर. मार्टिनिकचे कवी एमे सेझेर यांनी १९५० मध्ये यावर सणसणीत टीका केली. बांटू माणसाच्या जमिनीला, मजुरीला, स्वातंत्र्याला हात लावायचा आणि वर त्याच्या तत्त्वज्ञानाचा मान राखायचा, हा सौदा फार स्वस्तातला आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता.

हे वाचताना मला आपले कार्यक्रम आठवतात. तांड्याच्या संस्कृतीचा गौरव करायला एक शाल आणि नारळ पुरते. तांड्यावरच्या मुलीला बारावीनंतर शहरात ठेवून शिकवायला मात्र वसतिगृह लागते, एसटी लागते, वेळेवर येणारी शिष्यवृत्ती लागते. गौरव जरूर व्हावा. पण गौरव हा खर्चाला पर्याय होऊ लागला, की सेझेर आठवावेत.

दुसरा हल्ला घरातूनच आला. बेनिनचे पॉलिन हुंटोंजी यांनी १९७० च्या दशकात एक अडचणीचा प्रश्न विचारला. ‘बांटूंचे तत्त्वज्ञान’ म्हणजे नेमके कोणाचे? सगळ्या बांटूंचे एकच मत? कधी कोणी कोणाशी वादच घातला नाही? फ्रेंच लोकांचे तत्त्वज्ञान म्हटले तर आपण देकार्त, रूसो अशी नावे घेतो आणि ती माणसे एकमेकांना कशी खोडतात ते शिकवतो. आफ्रिकेचे म्हटले की मात्र जमातीचे नाव पुरते! विचार जमात करत नाही. माणूस करतो, नावानिशी करतो, आणि दुसऱ्या माणसाला तो खोडून काढायची मुभा असते, तेव्हाच ते तत्त्वज्ञान होते. जमातीच्या नावावर खपवलेल्या एकमुखी विचाराला तत्त्वज्ञान म्हणणे हा त्यांना मान नव्हे तर अपमान वाटला.

हुंटोंजींवर ‘साहेबी’ असल्याचा आरोप झाला. पुढे त्यांनीच लोकांच्या स्थानिक ज्ञानावर अभ्यासकांना एकत्र आणून १९९४ मध्ये एक ग्रंथ सिद्ध केला. मतलब असा, की लोकज्ञान त्यांना नको नव्हते. ते काचेच्या कपाटात ठेवलेले नको होते. ते वापरात यावे, तपासले जावे, त्यातले टिकेल ते पुढे जावे. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले. आपल्याकडे ‘ज्ञान प्रणाली’ची पुस्तके छापली जात होती, त्याच सुमारास. आपल्यातल्या कितीजणांना ती बातमी कळली?

बाप मुलाच्या प्रश्नांना उत्तर देतो

या भांडणातून सुटण्याची एक देखणी वाट केनियाच्या हेन्री ओडेरा ओरुका यांनी शोधली. स्वीडनमध्ये शिकून आलेले हे गृहस्थ नैरोबी विद्यापीठात शिकवत. १९७० च्या दशकात त्यांनी खेड्यापाड्यांतल्या जाणत्या माणसांकडे जायचे ठरवले. ही माणसे बहुतेक निरक्षर. ओरुका त्यांच्याकडून म्हणी आणि दंतकथा गोळा करून परतले नाहीत. ते समोर बसून प्रश्न विचारत. देव आहे का? एक की अनेक? माणसे समान आहेत का? तुमची जमात असे मानते, पण तुम्हाला स्वतःला काय वाटते? का वाटते? ज्यांच्या मुलाखती त्यांनी छापल्या त्यांत त्यांचे वडीलही होते. मुलगा परदेशी शिकून येतो आणि बापाला अडाणी न म्हणता त्याच्यासमोर वही घेऊन बसतो, हे चित्र मला फार मोलाचे वाटते.

या मुलाखतींतून ओरुकांनी एक भेद दाखवला. काही जाणते परंपरा अचूक सांगतात, पण ‘का?’ विचारले की थांबतात. काही थोडे मात्र परंपरा सांगून झाल्यावर तिच्याशी भांडतात. पहिला लोकज्ञानी, दुसरा तत्त्वचिंतक. अक्षरओळख असणे-नसणे याचा इथे संबंधच नाही. मुलाखती देणाऱ्यांची नावे पुस्तकात आहेत, त्यामुळे हुंटोंजींच्या आक्षेपालाही उत्तर मिळाले. १९९० मध्ये हे काम पुस्तकरूपाने आले आणि १९९५ मध्ये ओरुका गेले.

आता आपल्या वऱ्हाडाकडे पाहा. गाडगेबाबा १८७६ मध्ये शेंडगावला जन्मले. शाळेचे तोंड पाहिले नाही. त्यांचे कीर्तन म्हणजे समोरच्या हजारो माणसांना विचारलेल्या प्रश्नांची सरबत्ती. कर्ज काढून सण कशाला करता? देवाला बकरे लागते का? उत्तर लोकांच्याच तोंडून काढायचे आणि त्याच उत्तराच्या फासात लोकांना अडकवायचे. ग्रीसमध्ये बाजारपेठेत उभे राहून असेच प्रश्न विचारणाऱ्या सॉक्रेटिसाने एक अक्षर लिहिले नाही. त्याला मी तीस वर्षे पहिल्या धड्यात शिकवले. आमच्या अमरावती विद्यापीठाला गाडगेबाबांचे नाव आहे. पण माझ्या वर्गात ते पुण्यतिथीच्या कार्यक्रमापुरते आले आणि झाडू हातात घेऊन फोटो काढून गेले. स्वच्छतेचे संत म्हणून त्यांना एका कोपऱ्यात बसवण्याच्या पापात माझाही वाटा आहे.

आमच्या जिल्ह्यातच, मानोरा तालुक्यात, पोहरादेवी आहे; बंजारा समाजाचे सर्वांत मोठे श्रद्धास्थान. संत सेवालाल महाराजांची समाधी तिथे आहे. कोणतीही गोष्ट आधी जाणून घ्यावी, मग पारखावी आणि त्यानंतरच मानावी, असा त्यांचा उपदेश तांड्या-तांड्यावर सांगितला जातो. ज्ञान कशाला म्हणावे याचे हे तीन पायऱ्यांचे शास्त्र आहे. पोहरादेवीला ५ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन झाले. वास्तू भव्य आहे आणि समाजाला तिचा अभिमान आहे, तो रास्तच. प्रश्न एवढाच की मधली पायरी, पारखण्याची, ती कुठे शिकवायची? ती संग्रहालयात मांडता येत नाही. त्यासाठी वर्ग लागतो आणि मागच्या बाकावरच्या मुलाला न हसणारा मास्तर लागतो.

महाराष्ट्रात असा प्रयत्न झालाच नाही असे नाही. १९८३ मध्ये पुण्यात मे. पुं. रेगे आणि दया कृष्ण यांनी परंपरेने शिकलेले न्यायशास्त्राचे पंडित आणि विद्यापीठातले तत्त्वज्ञ यांना समोरासमोर बसवले. बर्ट्रंड रसेलचा विचार संस्कृतात उतरवून पंडितांपुढे ठेवला आणि म्हटले, करा खंडन! पंडितांनी केले. त्या संवादाचे पुस्तक १९९१ मध्ये निघाले. ओरुकांच्याच जातकुळीचे हे काम. फक्त आपली सतरंजी संस्कृत पंडितांपाशी संपली. ती गावापर्यंत, तांड्यापर्यंत आली नाही.

पोथ्या त्यांच्याही आणि आपल्याही

एक गैरसमज मात्र इथेच दूर करायला हवा. आफ्रिका म्हणजे सगळे तोंडी आणि भारत म्हणजे सगळे लेखी, असे आपण धरून चालतो. विरेडू म्हणत, तुलना करायची तर लोकसमजुतीची लोकसमजुतीशी करा आणि ग्रंथाची ग्रंथाशी. आपण शंकराचार्य एका पारड्यात घालतो आणि दुसऱ्या पारड्यात आफ्रिकेतला मंत्रतंत्र. मग आपले पारडे जड व्हायचेच.

माली देशातल्या टिंबक्टूमध्ये घराघरांत पोथ्यांच्या पेट्या होत्या. २०१२-१३ मध्ये अतिरेक्यांनी शहर घेतले तेव्हा तिथल्या लोकांनी या पोथ्या पत्र्याच्या पेट्यांत भरून, गाड्यांतून आणि होड्यांतून, राजधानी बामाकोला लपवून नेल्या. आमच्या वाशिम जिल्ह्यातल्या कारंज्याच्या जैन मंदिरांतही अशीच पोथ्यांची भांडारे आहेत. अमरावतीच्या महाविद्यालयात शिकवणाऱ्या डॉ. हिरालाल जैन यांनी तिथले अपभ्रंश ग्रंथ १९३० च्या दशकात संपादून छापले, तेव्हा जगाला ते कळले. पेट्या इथेही होत्या आणि तिथेही. उघडणारा माणूस लागतो.

टिंबक्टूचा विद्वान अहमद बाबा (१५५६-१६२७) याने १६१५ मध्ये गुलामगिरीवर एक प्रबंध लिहिला. कोणाला गुलाम करता येईल, हा प्रश्न व्यापाऱ्यांच्या वाटेवरून त्याच्याकडे आला होता. त्याने ठणकावले की कातडीचा काळा रंग हे गुलाम करण्याचे कारण होऊच शकत नाही. गुलामगिरी मुळातूनच नाकारण्यापर्यंत तो गेला नाही, धर्माच्या चौकटीतच राहिला, हेही सांगितले पाहिजे. पण साल ध्यानात घ्या. त्याच काळात आफ्रिकेच्या दुसऱ्या टोकाला, इथिओपियात जन्मून लहानपणीच विकला गेलेला एक माणूस आपल्याकडे निजामशाहीचा कर्ता पुरुष झाला होता. त्याचे नाव मलिक अंबर. १६१० मध्ये खडकी, म्हणजे पुढचे औरंगाबाद आणि आजचे छत्रपती संभाजीनगर, त्याने वसवले. त्याच्यावर चालून गेलेली मोगल फौज १६१६ मध्ये आमच्या शेजारच्या बाळापूरहून निघाली होती. मलिक अंबरचा जमीनमहसूल आणि गनिमी कावा आपण शाळेत शिकतो. तो ज्या खंडातून आला तिथे माणसाच्या विक्रीवर वाद चालला होता, हे आपल्याला कोणी शिकवत नाही. जोतीराव फुल्यांना हे नाते कळले होते. १८७३ ची ‘गुलामगिरी’ त्यांनी अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केली.

भाषेचा प्रश्न

नैरोबी विद्यापीठात १९६८ मध्ये न्गुगी वा थिओंगो आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी इंग्रजी विभागच बंद करा, अशी मागणी केली. शेक्सपिअर जाळा असे ते म्हणत नव्हते. मध्यभागी काय आणि कडेला काय, एवढाच त्यांचा प्रश्न होता: आफ्रिकेत बसून अभ्यासाच्या केंद्रस्थानी इंग्लंड का? पुढे न्गुगींनी गिकुयू भाषेत नाटक केले, तुरुंगात गेले आणि तिथे शौचालयाच्या कागदावर गिकुयूतच कादंबरी लिहिली. मे २०२५ मध्ये ते गेले.

आपण या बाबतीत नशीबवान आहोत. अमळनेरला प्रताप शेठजींच्या औदार्यातून १९१६ मध्ये तत्त्वज्ञान मंदिर उभे राहिले. ‘विचारांतले स्वराज्य’ राजकीय स्वराज्याहून अवघड आहे, कारण विचारांची गुलामी गुलामाला जाणवतच नाही, असे बजावणारे कृष्णचंद्र भट्टाचार्य १९३० च्या दशकात तिथे संचालक होते. विरेडूंनी पुढे अर्धशतकानंतर जे सांगितले त्याची ही खानदेशातली पूर्वपीठिका. दे. द. वाडेकरांच्या संपादनाखाली ‘मराठी तत्त्वज्ञान महाकोश’ तीन खंडांत १९७४ मध्ये आला. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाला. म्हणजे शब्द आहेत, मान आहे. उरतो तो वापर. मराठीत तत्त्वज्ञान शिकवणे म्हणजे इंग्रजी पुस्तकाचे भाषांतर लिहून देणे नव्हे. प्रश्न मराठीत, वऱ्हाडीत, गोरमाटीत उभा करून तो तिथे टिकतो का ते पाहणे, हे खरे शिकवणे. माझ्या विद्यार्थ्याने तेच केले होते.

गोड बोलणाऱ्या समाजापासून सावध

आणखी एक धडा, तो कडू आहे. माणूस हा इतर माणसांमुळे माणूस होतो, या अर्थाची दक्षिण आफ्रिकेतली ‘उबुंटू’ची कल्पना आता आपल्याकडच्या व्यवस्थापनाच्या शिबिरांपर्यंत पोचली आहे. ऐकायला छान वाटते. पण आफ्रिकेतल्या विचारवंतांनी ती डोळे मिटून घेतलेली नाही. नायजेरियाचे इफेयानी मेन्किटी म्हणाले की माणूसपण समाजात राहून कमवावे लागते, ते जन्मतः मिळत नाही. घानाचे क्वामे ग्येक्ये यांनी त्यांना अडवले: समाज महत्त्वाचा खरा, पण व्यक्तीला समाजाचा निवाडा नाकारण्याचा हक्क राहिला पाहिजे, नाहीतर समाज माणसाला गिळून टाकेल.

हा वाद आपल्या घरचाच आहे. जातपंचायतींनी वाळीत टाकलेल्या कुटुंबांच्या बातम्या याच पानांवर आपण वाचल्या आहेत. त्यापायी महाराष्ट्राला २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करावा लागला आणि तो २०१७ मध्ये लागू झाला. आपल्या गावगाड्याचे, जुन्या न्यायपद्धतीचे गुण मुलांना जरूर सांगा. पण ग्येक्येंचा प्रश्नही सोबत द्या. नाहीतर ज्ञान प्रणालीच्या नावाखाली आपण टेम्पल्सचेच पुस्तक पुन्हा लिहू, आणि या वेळी स्वतःच्या हाताने.

वहीतले नाव

मागच्या पावसाळ्यात मेडशीच्या फाट्यावर एसटीची वाट पाहत होतो. पंचेचाळिशी ओलांडलेला एक माणूस जवळ आला.

“सर, ओयखलं का मले?”

ओळखले नाही. त्याने स्वतःच सांगितले, “भूगोलाच्या तासाले विचार म्हणे तुमी.”

मी काय बोलावे ते मला सुचेना. माफी मागितली तर तो हसला. म्हणाला, “पोरगी बी.ए.ले आहे सर. ते नवीन ज्ञानाचा विषय आला ना, त्याचा प्रकल्प आहे. जरा पाहून द्याल काय?”

मुलगी आठवड्याने घरी आली. तिने आपल्या आजीची मुलाखत घेतली होती, तांड्याच्या नसाबाविषयी, म्हणजे तंटे सोडवणाऱ्या पंचांच्या बैठकीविषयी. आजी गोरमाटीत बोलली, नातीने मराठीत लिहिले. नायक कोण, कारभारी कोण, दंड कसा ठरतो, सगळे व्यवस्थित उतरवले होते. मी म्हणालो, “हे छान आहे. पण तू आजीला ‘का?’ असं कुठंच विचारलेलं नाहीस. बायका नसाबात बसत नव्हत्या असं लिहिलंस. ते बरोबर होतं का, असं विचारलंस का?”

“नाही सर. आजीला असं कसं विचारायचं?”

“ओडेरा ओरुकांनी वडिलांना विचारलं होतं,” मी म्हणालो, आणि तिला ती सगळी गोष्ट सांगितली.

दहा दिवसांनी ती परत आली. आजी आधी नुसतीच “पद्धत होती” म्हणाली होती. मग बराच वेळ गप्प बसली आणि म्हणाली, हे मला आजवर कोणी विचारलेच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी भाकरी थापताना तिने नातीला हाक मारली. म्हणाली, ज्याचे भांडण आहे त्याला बोलू दिल्याशिवाय निवाडा करायचा नाही, हा आपला कायदा. मग भांडण बाईचे असले तर तिच्या वतीने नवरा का बोलतो? कायदा खरा असेल तर पद्धत खोटी होती. लिही.

एका नियमाने दुसऱ्या नियमाला खोडायचे, तेही घरच्याच नियमाने. हे मी तीस वर्षे तर्कशास्त्राच्या तासाला शिकवत आलो. इतके सरळ मला कधी सांगता आले नाही.

मुलीने जाताना एक शंका विचारली. प्रकल्पाच्या पहिल्या पानावर ‘माहिती देणारी व्यक्ती’ असा रकाना होता आणि त्यात तिने ‘एक वृद्ध बंजारा महिला’ असे लिहिले होते. “हे बरोबर आहे ना सर?”

मी हुंटोंजींचे नाव घेतले नाही. म्हटले, “ते खोड. आजीचं पूर्ण नाव लिही. आणि ‘माहिती देणारी’ हेही खोड; तिथं लिही, ‘विचार मांडणारी’.”

तिने माझ्यासमोरच ते बदलले. मग आजीचे गाव आणि तांडाही लिहिला. “कुठली ते नको का लिहायला, सर?” म्हणाली.